पाण्याची लिफ्ट

"बोटीवरचा चहा असा नसायचा," दुसरा घोट घेऊन तो म्हणाला. "तिथला पातळ असायचा. पण किटली भरून आणून ठेवायचे, तेवढं बरं."

ती पावाला लोणी लावत होती. सुरी पावाच्या मध्यावर थांबली. ते दोघे आयुष्यात कधी बोटीवर गेले नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एका तलावात पायांनी चालवायच्या होडीत बसले होते, तेवढाच काय तो जलप्रवास. तिथे चहाची सोय नव्हती, आणि होडी अर्धा वेळ जागच्या जागी गोल फिरत राहिली, कारण दोघांचे पाय एका वेगाने चालत नव्हते. "कुठल्या बोटीवर?" तिने विचारले. आवाज सपाट ठेवायला तिला कष्ट पडले नाहीत. प्रयोगशाळेत अनपेक्षित आकडा दिसला की आधी श्वास आवरायचा, कारण तराजू श्वासानेही हलतो, ही सवय तिच्या अंगात मुरली होती. "कुठल्या म्हणजे काय? नदीवरच्या," तो म्हणाला, आणि तिच्या हातातला पाव काढून घेऊन खाऊ लागला. "मीठ नाही या लोण्यात."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून वन्सं आल्या. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. ती कामावर गेली की दिवसभर त्या वर येऊन बसत. "येऊ का गं?" हे त्यांचे विचारणे नेहमी आत येऊन खुर्चीवर टेकल्यानंतरचे असे. जिना चढून आल्यावर गुडघे दाबतच त्या तिच्याकडे वळून म्हणाल्या, "आज शेवटचा दिवस ना तुझ्या त्या बोटीचा? काय ठरलं?"

"संध्याकाळपर्यंत कळवायचंय. ठरवते."

"दोन महिने ठरवतेयस. एवढ्या अवधीत लोक लग्न ठरवतात आणि मोडूनही मोकळे होतात."

तो हसला. हसण्याची जागा त्याला अजून अचूक कळत असे. वाक्य संपण्याआधीच्या किंचित चढत्या सुरावरून तो ती ओळखत असावा, असा तिचा अंदाज होता. अर्थ हरवला तरी सूर मागे राहतो. हा अंदाज तिने कोणाला सांगितला नव्हता, कारण तो तपासून पाहण्याची रीत तिला सुचत नव्हती. तिने पर्स उचलली, चपला घातल्या, आणि दारातून वळून त्याच्याकडे पाहिले. तो लोण्याच्या डबीचे झाकण उलटे बसवण्याच्या खटपटीत होता आणि वन्सं त्याला ते करू देत होत्या.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाहेर दुकानांची शटरे वर जात होती, फुटपाथ धुतले जात होते. तो गंमत करत असेल, हे तिने आधी धरून पाहिले. चेहरा कोरा ठेवून काहीतरी अचाट सांगायचे आणि समोरच्याने विश्वास ठेवला की मिशीत हसायचे, ही त्याची जुनी तऱ्हा. पण अशी गंमत करायला खरे काय ते आधी पक्के ठाऊक असावे लागते, आणि हल्ली त्याच्याजवळ तेवढे भांडवल उरले नव्हते. मेंदूच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, "विसरणं हा या दुखण्याचा अर्धा भाग. रिकामी जागा मेंदूला सोसत नाही, तो काहीतरी भरून टाकतो. तेव्हा घाबरू नका." तिने मान हलवली होती, एखाद्या हुशार विद्यार्थिनीने हलवावी तशी. समजले म्हणून हलवली होती. सोसण्याचा प्रश्न त्या वेळी कोणी काढला नव्हता.

त्या बोटीच्या, नदीवरच्या सहलीचे वेड त्याचे होते. तो लिफ्टच्या धंद्यातला माणूस. आधी दुरुस्ती करणारा, मग देखरेख करणारा, शेवटी कंपनीतर्फे शहरभरच्या लिफ्ट तपासून सही करणारा. त्यांची ओळखही लिफ्टमुळेच झाली. प्रयोगशाळेची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत ती एकटी, हातात प्रमाणित वजनांची पेटी. वरच्या फटीतून एक आवाज आला, "घाबरू नका." ती म्हणाली, "घाबरले नाहीये. दोर किती पट जास्त वजन पेलतो तेवढं सांगा." तो आवाज म्हणाला, "बारा पट. पण तुम्ही एकट्याच आहात ना? मग तुमच्यासाठी आणखी जास्त." पुढे लग्न झाल्यावर तो म्हणे की त्या दिवशी बिघाड पाच मिनिटांचाच होता, बाकीचा वेळ त्याने मुद्दाम लावला. हे खरे की खोटे, ते तिला आजवर ठरवता आले नव्हते. आता तर ज्याला विचारायचे तो साक्षीदारच फुटला होता.

लग्नाच्या पहिल्या वर्षीच त्याने तिला नदीवरच्या त्या दारांबद्दल सांगितले. नदी उतारावरून वाहते, म्हणून काही ठिकाणी तिला पायऱ्या बांधतात. प्रत्येक पायरीशी एक लांबट हौद. बोट हौदात शिरते, मागची लोखंडी दारे मिटतात, वरच्या अंगाचे पाणी आत सोडतात, बोट हळूहळू वर येते, मग पुढची दारे उघडतात आणि ती वरच्या पातळीवरून पुढे निघते. "दोर नाही, मोटर नाही, बटण नाही," जेवणाच्या टेबलावर दोन वाट्या आणि एक चमचा मांडून तो सांगे. "नुसतं पाणी उचलतं गं एवढी मोठी बोट. आमच्या धंद्याचं माहेर आहे ते." पाण्याची लिफ्ट, असे तो म्हणे. एकदा जायचेच, असेही म्हणे. मग घराचे हप्ते होते, मग सासूबाईंचे अंथरूण होते, मग त्याच्या कंपनीचे आणि तिच्या प्रयोगशाळेचे सुटीचे महिने जुळत नव्हते. यात कोणाचा अपराध नव्हता. बहुतेक आयुष्ये अशीच आखली जातात, आणि आखणाऱ्याला वाटत असते की कागद पुष्कळ उरला आहे.

आता प्रश्न साधा होता, निदान मांडायला. सहलीला जेवढे पैसे लागणार होते, तेवढ्यात पुढल्या वर्षी त्याच्यासाठी पूर्णवेळ माणूस ठेवता आला असता. वन्संचे गुडघे पुढल्या वर्षी जिना चढणार नव्हते, हे त्यांच्या गुडघ्यांनी आताच कळवून टाकले होते. एका पारड्यात हे. दुसऱ्या पारड्यात आठ दिवसांची नदी, जी त्याला नवव्या दिवशी आठवणार नाही. प्रयोगशाळेतल्या तिच्या सहकाऱ्याने, ज्याला सगळे दशांश म्हणत कारण तो जेवणाची वेळही दशांशात सांगे, मधल्या सुटीत हेच तिच्यापुढे मांडले होते. "मॅडम, सहल तिथं असताना कमी आणि घरी आल्यावर जास्त होते. आम्ही डोंगरात गेलो होतो ना, तिथं मी चार दिवस फक्त खोकलो. पण बायको अजून त्या सहलीवर जगतेय. आठवणीशिवाय सहल म्हणजे पावतीशिवाय खर्च." तिला ते वाक्य आवडले नव्हते, आणि न आवडण्यापलीकडे त्यात चूक काही सापडली नव्हती.

वन्संनी मात्र त्यात चूक शोधून दाखवली. मागच्या आठवड्यातली गोष्ट. ती त्यांना समजावून सांगत होती की अनुभवाची किंमत म्हणजे त्याचा मागे उरणारा भाग, आणि इथे मागे काही उरणार नसेल तर... वन्संनी हातातली भाजी खाली ठेवली. "त्याला आठवणार नाही म्हणून न्यायचं नाही, असंच ना? मग दुपारी जेवायला तरी का वाढायचं गं? तेही कुठं आठवतं त्याला. चार वाजता मलाच विचारतो, आज जेवण नाही का."

"जेवण अंगी लागतं, वन्सं."

"मग तेही लागेल कुठंतरी. सगळं काय तुझ्या तराजूवर उमटतं?"

त्यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते. तिने भाजी पुढ्यात ओढून निवडायला घेतली होती.

वजनांची खोली तळघरात होती. जाड भिंती, खिडकी नाही, वर्षभर एकच तापमान. औषध कारखान्यांतून, सोनारांकडून, बंदरावरच्या काट्यांकडून वजने इथे तपासायला येत. आज टेबलावर पितळी वजनांचा एक संच काचेखाली ठेवलेला होता. कालच आला होता, म्हणून आज त्याला हात लावायचा नव्हता. बाहेरून आलेले वजन लगेच तराजूवर ठेवायचे नसते. ते बाहेरची ऊब घेऊन आलेले असते, त्याच्याभोवतीची हवा तापून वर चढते आणि वजनाला किंचित उचलून धरते; ऊबदार वजन खरे असते त्यापेक्षा हलके भरते. म्हणून ते खोलीतच ठेवून द्यायचे, खोलीसारखे होऊ द्यायचे. घाई करायची नाही. ती नव्या मुलांना हे शिकवताना म्हणे, "पाहुण्याला आधी घर कळू द्या, मग प्रश्न विचारा."

काचेखालच्या त्या संचाकडे पाहत ती उभी राहिली, आणि सकाळचा चहा कुठून आला ते तिला कळले.

डॉक्टरांनी बजावले होते की अनोळखी जागी तो बिथरेल. त्याचा पुरावाही तिच्याजवळ होता. मागच्या वर्षी परगावच्या एका हॉटेलात, पाणी प्यायला म्हणून उठलेला तो बाहेरच्या बोळात जाऊन उभा राहिला होता, एकासारख्या एक दारांच्या रांगेसमोर, हात जोडून, कोणीतरी आपले दार सांगावे म्हणून. तेव्हा बोटीचा विचार सुरू झाला तसे तिने ठरवले की त्याला आधी बोटीची सवय करायची. सहलीच्या एजन्सीने बोटीची एक फिल्म दिली होती. खोली, खोलीबाहेरचा बोळ, जेवणाचा दिवाणखाना, वरची मोकळी गच्ची, शेवटी ते हौद आणि ती दारे. रोज संध्याकाळी जेवणानंतर ती तीच फिल्म लावी, त्याच क्रमाने, त्याच आवाजात. मग विचारी, "खोलीतून बाहेर पडलास. जेवायला कुणीकडे?" पहिले काही दिवस तो तिच्याकडेच पाहत राही. मग एके दिवशी म्हणाला, "डावीकडे. आणि टोकाला दोन पायऱ्या उतरायच्या, सांभाळून." तिला त्या दिवशी झालेला आनंद तिने दशांशलाही सांगितला होता. डॉक्टर म्हणत होते, नवे काही रुजणार नाही. आणि हा तर बोळ शिकला, पायऱ्या शिकला, किटली कुठे ठेवतात ते शिकला. रोज आदल्या दिवसाहून बरा. ती खोली त्याच्यात उतरत होती, किंवा तो खोलीसारखा होत होता. ज्या हाताने हजारो वजने काचेखाली ठेवली, त्याच हाताने तिने नवऱ्याला रोज त्या फिल्मखाली ठेवला होता. एवढे मात्र तिच्या ध्यानात आले नव्हते की वजनाला काळ नसतो. माणसाला एखादी जागा इतकी पाठ झाली की तो आपसूक धरून चालतो, मी इथे येऊन गेलो आहे. तिने त्याला जागा दिली, ती नीट बसवली, आणि तारीख लिहायची राहून गेली. ती त्याची त्याने घातली.

जेवणाच्या सुटीत वन्संचा फोन आला. "काय गं, मला न सांगता जाऊन आलात की काय तुम्ही?" त्या हसत होत्या, पण हसणे ताणलेले होते. "सकाळपासून बोटीचं पुराण चाललंय. लोखंडी दारं म्हणे, आणि पाणी म्हणे. इतकं नीट सांगतोय, इतकं नीट की..." मग म्हणाल्या, "वर्षभरात एवढं सलग बोलला नाही तो. लवकर ये जमलं तर."

तिने अर्ध्या दिवसाची सुटी टाकली. नोकरीच्या सगळ्या वर्षांत कारण न लिहिता टाकलेली ही पहिली सुटी असावी. बसमध्ये एक सोयीस्कर विचार तिच्या मनात आला, आणि तो किती सोयीस्कर आहे हे कळत असूनही ती त्याला घालवू शकली नाही. सहलीचा उरणारा भाग त्याच्याजवळ जमा झालाच आहे. सहल न करताच झाला. म्हणजे दशांशच्या भाषेत पावती मिळाली, खर्च वाचला. पैसे जागच्या जागी राहतील, पुढल्या वर्षी माणूस ठेवता येईल, आणि त्याला नदी मिळाली ती मिळाली. उत्तर अगदी स्वच्छ होते. तपासणीत आकडे फारच सुंदर जुळले तर आधी संशय घ्यावा, हेही ती नव्या मुलांना शिकवत असे.

ती पोहोचली तेव्हा तो गॅलरीत बसला होता आणि वन्सं वाटाणे सोलत होत्या. तो त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा उचलून न सोलता परत टोपलीत टाकत होता, आणि वन्सं त्याच पुन्हा उचलत होत्या. तिला पाहून तो खुलला. "ये, ये. लवकर सुटलीस." तिचे येणे, तिचा चेहरा, सुटण्याची नेहमीची वेळ, सगळे त्याला ठाऊक होते. आजचा दिवस चांगला होता. ती समोर स्टुलावर बसली. वन्संनी टोपली उचलली आणि "शिजायला टाकते" म्हणत, जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकत खाली गेल्या.

"बोटीवर काय काय झालं?" तिने विचारले.

"काय होणार? बोट आपली चालते. खोली लहान होती, पण सगळं हाताशी. आणि लोक शहाणे. कोणी आरडाओरडा नाही." तो थांबला, तिच्याकडे नीट पाहत. "तू यायला हवी होतीस."

रस्त्यावरून कोणीतरी कोणाला तरी मोठ्याने हाक मारत होते. तिने स्टूल त्याच्याजवळ ओढले.

"मी नव्हते?"

"तू कुठं होतीस? वर गच्चीवर दोन खुर्च्या मांडलेल्या. एकीवर मी. दुसरी रिकामी. सारखी नजर जायची माझी तिकडे."

त्या खुर्च्या तिला ठाऊक होत्या. फिल्ममध्ये त्या येत, गच्चीच्या टोकाला, नदीकडे तोंड केलेल्या, दोन्ही रिकाम्या. बघणाऱ्याने स्वतःला त्यांत बसवून पाहावे आणि पैसे भरावेत, एवढ्यासाठी रिकाम्या ठेवलेल्या. त्याने स्वतःला बसवले होते. तिला कसे बसवणार? फिल्म चालू असताना ती कोचावर त्याच्या बाजूला असे, पण तिचे तोंड त्याच्याकडे असे, डोळे त्याच्या चेहऱ्यावर, पुढचा प्रश्न तयार ठेवून. सगळा वेळ ती त्याला मोजत होती. बोटीवर ती गेलीच नव्हती. त्या अख्ख्या खोट्या आठवणीत तेवढी एक नोंद बिनचूक होती.

"का नाही आले मी?" हे तिने का विचारले, ते तिला सांगता आले नसते.

"तूच म्हणालीस ना. दोघांचं एकदम जमणार नाही, तू आधी जाऊन ये. तुझं स्वप्न आहे, म्हणालीस." तो पुढे वाकला आणि तिच्या गुडघ्यावर थोपटल्यासारखे केले. "मला कळत नव्हतं का? पैसे माझ्या हातात ठेवलेस आणि स्वतः घरी बसलीस. मी बोलत नाही, पण कळतं मला. मोठं मन लागतं गं त्याला."

दोन महिने तिने पारडी वर-खाली केली होती, आणि तेवढ्याच काळात त्याने तिला कुठून कुठे नेऊन बसवले होते. हे नाकारले तर त्याच्याकडून काय काय काढून घ्यावे लागेल, त्याचा अंदाज तिला येईना. "आता ऐक," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जुना झाला, लिफ्टच्या फटीतून येणारा. "आता तुला न्यायचं. मला सगळं माहीत झालंय तिथलं. तुला काही बघायला लागणार नाही. डावीकडे जायचं, दोन पायऱ्या उतरायच्या, मी हात धरीन. दारं मिटायला लागली की कुठं उभं राहायचं तेसुद्धा ठरवून आलोय मी. तिथून सगळं दिसतं."

वर्षभर घरात प्रत्येक गोष्ट तिला माहीत होती आणि त्याला नव्हती. चष्मा कुठे, संडासाचा दिवा कुठला, आज वार कोणता, फोनवर बोलत होता तो कोण. जाणणारी ती, विचारणारा तो, आणि विचारताना त्याच्या चेहऱ्यावर येणारा तो कसनुसा विनय, जो तिला त्याच्या आजाराहून जास्त छळत असे. आणि आता जगात एक जागा अशी होती जिथे तो माहीतगार होता आणि ती नवखी. तिथे तो पुढे चालणार होता. त्याच्या मागोमाग त्या बोळातून जायचे, त्याने सांगितलेल्या जागी उभे राहायचे, तो दाखवील ते पाहायचे. नवव्या दिवशी त्याला आठवेल की नाही, हा प्रश्न अचानक दुसऱ्याच कोणाचा तरी वाटू लागला. पुढल्या वर्षीच्या माणसाचे पुढल्या वर्षी पाहू, घर गहाण टाकू, नोकरी सोडू. तिने आयुष्यात इतका बेजबाबदार विचार केला नव्हता. "जागा विचारून येते," म्हणत ती उठून आत गेली आणि तिने एजन्सीला फोन लावला.

"मॅम! मी तुमचीच वाट बघत होते," एजन्सीतली मुलगी म्हणाली. दोन महिन्यांच्या फोनांनी तिचा आवाज घरातल्यासारखा झाला होता. "ठेवू ना मग खोली? दोघांची?"

"दोघांची. ठेव. आणि ऐक, फिल्ममध्ये दाखवलीय तीच खोली हवी. बोळाच्या मध्यावरची. जेवायला डावीकडे जायला लागतं ती."

"हो, हो... म्हणजे मॅम, खोली त्याहून छान आहे. ती फिल्म जुन्या बोटीची होती ना. ती काढली त्यांनी या वर्षी. नवी बोट एकदम मोठी. जेवणाचा हॉल आता वर, काचेचा, मधोमध. पायऱ्या तर कुठं नाहीतच, साहेबांना काही त्रास नाही. आतमध्ये लिफ्टसुद्धा आहे!"

"जुनी बोट कुठेच नाही?"

"मोडीत गेली मॅम. पण नदी तीच आहे, काळजी नको." मुलगी हसली.

तिला हसण्याचा राग आला नाही. मुलीने बोट विकली होती, आणि बोट चांगलीच होती. ती फोन कानाशी धरून उभी राहिली आणि तिला दिसले ते फार स्पष्ट दिसले. तो खोलीतून बाहेर पडतो, तिचा हात धरून, डावीकडे वळतो. "चल, मी दाखवतो." बोळाच्या टोकाला येतो आणि सावधपणे पाऊल खाली टाकतो. दोन पायऱ्यांसाठी. पाऊल सपाट जमिनीवर आपटते. तो पुन्हा पाऊल उचलतो, चाचपतो, पुन्हा. मग तिच्याकडे वळून पाहतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो विनय हळूहळू येऊ लागतो. ज्या एकाच जागी तो चुकणार नव्हता, तिथे नेऊन तिने त्याला चुकवायचे, आणि त्याचे पैसे भरायचे. नदी तीच होती, दारे तीच होती, हे खरे. पण दारांपर्यंत पोहोचायला सकाळ-दुपार-संध्याकाळ नव्या बोटीचा बोळ होता.

"राहू दे," ती म्हणाली.

"मॅम? खोली राहू दे, की..."

"खोली सोडून दे. आम्ही येत नाही."

मग मुलगी हळूच म्हणाली, "साहेब बरे आहेत ना?" ती म्हणाली, "आज बरे आहेत," आणि फोन ठेवला.

स्वयंपाकघरात नळ चालू होता. संध्याकाळचे कप तोच विसळे. ते काम त्याच्या हातांना अजून पाठ होते, डोक्याला विचारावे लागत नसे. ती दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

"काय म्हणाले?" पाठमोऱ्यानेच त्याने विचारले. म्हणजे फोन कुणाला, ते त्याने ध्यानात ठेवले होते. नेमके आज.

"यंदा जागा नाही म्हणाले." चुकीचा आकडा तिने आजवर कधी कोणाला दिला नव्हता. तो इतक्या सहज दिला जातो याचे तिला नवल वाटले.

"बघ! लवकर सांगायला हवं होतं. ती बोट भरते लगेच." त्याने कप उपडा घातला. "जाऊ दे. पुढच्या वर्षी नेतो तुला. नक्की."

पुढचे वर्ष म्हणजे काय, ते डॉक्टरांनी तिला कागदावर आलेख काढून दाखवले होते.

"ने," ती म्हणाली. मग आत येऊन त्याच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिली. "तोवर मला सांग तरी. दारं मिटली की पुढं काय होतं?"

इथे फिल्ममध्ये संगीत चढे आणि प्रवाशांचे हसरे चेहरे दाखवत. ती त्यांचीच वाट पाहत होती.

"आधी काहीच होत नाही," तो म्हणाला. "एकदम शांत. आता बिघडलंय की काय, असं वाटतं. मग भिंत खाली जायला लागते. आपण वर चाललोय असं नाहीच वाटत, भिंतच आपली खाली निघते. मी कठड्यावरून हात बाहेर काढला आणि लावला तिला. ओली, बुळबुळीत. हाताखालून सरकत होती सगळी. आणि गार."

फिल्ममध्ये भिंतीला कोणी हात लावत नव्हते. ती फिल्म तिलाही पाठ होती. हे कुठून आले, असा प्रश्न तिच्यात उठला, शिस्तीने रांगेत उभा राहिला, आणि तिने त्याला बोलावले नाही.

"किती गार?" सवयीने तिच्या तोंडून गेले, आणि लगेच तिला पस्तावा झाला. किती, केव्हा, कितवा, या शब्दांपाशी तो हल्ली हमखास अडखळे. तो विचारात पडला. त्याचे ओठ काहीतरी जुळवू पाहत होते आणि जुळत नव्हते. मग त्याने नळ बंद केला, तिच्याकडे वळला, आणि पाण्यातून काढलेला तळवा तसाच तिच्या गालावर ठेवला.

"एवढी," तो म्हणाला.

पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यात उतरत होते. पुढचा प्रश्न विचारला तर उत्तर शोधायला तो हात काढून घेईल, म्हणून ती काही विचारत नव्हती.